शेवाळाचा दिवा

नवी पेठेतल्या कापड दुकानात साडी पसंत पडली की घरातली जाणती बाई ती हातावर टाकून दारापर्यंत घेऊन जाते. दुकानातल्या दिव्याखाली डाळिंबी दिसलेला रंग उन्हात वेगळाच निघतो, हे सोलापूरसारख्या सुताच्या आणि रंगाच्या गावाला कोणी शिकवावं लागत नाही. दिव्यातून कोणत्या लांबीचे तरंग बाहेर पडतात आणि कापडावरचा रंग त्यातले कोणते शोषतो, कोणते परत पाठवतो, यावर डोळ्याला काय दिसणार ते ठरतं. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये शेवाळाकडून पाणी स्वच्छ करून घ्यायचं असेल तर हाच हिशेब मांडावा लागतो. तिथे गिऱ्हाईक मात्र शेवाळ असतं, आणि त्याची पसंती माणसाच्या डोळ्याशी फारशी जुळत नाही.

शेवाळ मुद्दाम वाढवायचं, ही सूचनाच टँक पाळणाऱ्याला आधी विचित्र वाटते. काचेवरचा हिरवा थर घासण्यात आणि दगडांवरचे केसाळ तंतू उपटण्यात त्याचे रविवार गेलेले असतात. पण ते शेवाळ काही उगीच येत नाही. माशांना टाकलेलं खाणं आणि त्यांची विष्ठा यांतून अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, फॉस्फेट वेगळं साचत राहतं. काचेच्या बंद पेटीत यांना बाहेर पडायला वाट नसते. सोलापूरकरांना या गोष्टीचं मोठं रूप चांगलंच ठाऊक आहे. शहराला पाणी देणाऱ्या उजनीच्या जलाशयात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांवाटे उतरतं, आणि त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पाण्याला हिरवा रंग चढतो. धरणात जे घडतं तेच शंभर लिटरच्या टँकमध्ये घडतं, फक्त भराभर.

प्रवाळांच्या टँकमध्ये तर याचा फटका जास्त बसतो. नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की शेवाळ प्रवाळांच्या अंगावर चढतं, त्यांची जागा आणि उजेड दोन्ही घेतं. मग उपाय असा: शेवाळ येणारच आहे तर ते टँकखालच्या पेटीत, आपण ठरवलेल्या जागी, आपण दिलेल्या उजेडात, दर्शनी भागापेक्षा जोमाने येऊ द्यावं. दर आठवड्याला ते खरवडून बाहेर टाकलं की त्याच्या अंगात शिरलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याच्याबरोबर टँकबाहेर जातो.

ही कल्पना पद्धतशीरपणे उभी केली ती वॉल्टर एडी या अमेरिकी शास्त्रज्ञाने. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या एडींनी कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळखडकांचा दीर्घकाळ अभ्यास केला होता. त्या खडकांवर शेवाळाची आखूड, दाट हिरवळ असते. मासे ती सतत कुरतडतात, तरी ती सतत वाढत राहते. एडींनी तीच हिरवळ जाळीवर धरली, तिच्यावरून लाटांसारखं पाणी सोडलं आणि वर प्रखर दिवे लावले. १९८० साली स्मिथसोनियनच्या संग्रहालयात प्रवाळखडकाची जिवंत प्रतिकृती या पद्धतीवर चालू झाली, १९८२ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं आणि १९९१ मध्ये कॅरेन लव्हलँड यांच्यासह त्यांनी ‘डायनॅमिक अक्वेरिया’ हा ग्रंथ लिहिला. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल इथे १९८७ मध्ये उघडलेल्या ग्रेट बॅरियर रीफ मत्स्यालयानेही सुरुवातीला हीच पद्धत वापरली. त्या काळचे दिवे मेटल हॅलाइडचे. ते भरपूर वीज खात, भरपूर तापत, आणि त्यांच्या उजेडातला हवा तो रंग तेवढा उचलण्याची सोय नव्हती.

ती सोय एलईडीने दिली. डोळ्याला दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केला. प्रखर निळ्या एलईडीला मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं, आणि त्यासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एका एलईडीचा उजेड अरुंद पट्ट्यातच असतो, त्यामुळे आता टँक पाळणाऱ्यासमोर प्रश्न उभा राहतो: शेवाळाला नेमका कोणता पट्टा द्यायचा?

याचं निम्मं उत्तर महाराष्ट्राच्या समुद्रातच आहे. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, खोल समुद्रात अँग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठाराचा माथाच पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर आहे आणि त्यावर प्रवाळ वाढतात. पाणी लाल उजेड फार लवकर गिळतं. अगदी शुद्ध पाण्यातही ६६० नॅनोमीटरचा गडद लाल उजेड पाच मीटर खोलीवर साधारण तेरा टक्के उरतो आणि दहा मीटरवर दोन टक्क्यांच्याही खाली जातो. ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड मात्र दहा मीटरवरही नव्वद टक्के शाबूत असतो. अँग्रियाच्या प्रवाळांना गडद लाल जवळजवळ भेटतच नाही. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल निळ्यावर जगतं. त्यात हरितद्रव्य ‘अ’बरोबर हरितद्रव्य ‘क’ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं असतात, आणि ती निळा व निळसर हिरवा उजेड उत्तम टिपतात. प्रवाळांच्या टँकवर निळे दिवे लावतात ते याच कारणाने. शोभा हा त्यातला वरचा लाभ.

आता रत्नागिरी किंवा मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी यावं. खडकांवर उल्वाची पोपटी, पातळ पानं चिकटलेली दिसतात, खाचांत क्लॅडोफोरा आणि कीटोमॉर्फासारखे हिरवे तंतू असतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या उंटवाले, धारगळकर आणि आगडी या अभ्यासकांनी १९८३ मध्ये भारतीय किनाऱ्यांवरच्या सागरी शैवालांची सूची केली, तिच्यात ही नावं भेटतात. यांच्या डोक्यावर पाणी असतं वीतभर, कधी तेवढंही नाही. उन्हातला सगळा लाल पट्टा त्यांना फुकट मिळतो. टँकखालच्या पेटीत जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा वाहतो, तो काही मिलिमीटर जाडीचा. म्हणजे तिथली परिस्थिती मालवणच्या खडकाची आहे, अँग्रियाच्या तळाची नाही. वरच्या टँकचा निळा दिवाच खाली लावणारे इथे चुकतात.

लाल आणि निळा हे दोनच रंग पुन्हा पुन्हा का येतात, ते अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या एका प्रयोगात दिसतं. १८८२ साली थिओडोर एंगेलमान यांनी सूर्यप्रकाश लोलकातून फोडला आणि त्याचा रंगपट सूक्ष्मदर्शकाखाली क्लॅडोफोराच्या एका तंतूवर पाडला. पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडलेले होते. थोड्या वेळाने जिवाणूंची गर्दी दोन जागी झाली, लाल पट्ट्यात आणि निळ्यात. प्रकाशसंश्लेषण जिथे जोरात चाललं होतं तिथे प्राणवायू सुटत होता. विशेष हे, की एंगेलमान यांचा तो क्लॅडोफोरा आजही टँकमधल्या जाळीवर उगवणाऱ्या हिरव्या केसाळ शेवाळांपैकी एक आहे. पुढे हरितद्रव्य वेगळं काढून मोजलं तेव्हा आकडेही मिळाले: द्रावणातलं हरितद्रव्य ‘अ’ साधारण ४३० आणि ६६२ नॅनोमीटरवर सर्वाधिक उजेड शोषतं, ‘ब’ ४५३ आणि ६४२ वर. जिवंत पेशीत हे आकडे थोडे लाल बाजूला सरकतात.

म्हणजे हिरवा उजेड पूर्ण वाया जातो का? नाही. के. जे. मॅक्री यांनी १९७२ साली बावीस पिकांच्या पानांवर मोजमाप केलं, तेव्हा हिरव्या उजेडातही बरंच काम होतं असं दिसलं. दाट थरात तो आतपर्यंत पोचतो. पण दिव्याला दिलेली वीज कुठे खर्च करायची, हा प्रश्न असेल तर लाल पट्टा पुढे राहतो, आणि त्याचं कारण मोजणीचं आहे. प्रकाशसंश्लेषण उजेडाचे कण मोजतं. कणात किती ऊर्जा आहे त्याची त्याला फारशी कदर नसते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या कणात जास्त ऊर्जा असते, पण हरितद्रव्य ती जास्तीची ऊर्जा क्षणात उष्णतेत घालवतं आणि लाल कणाइतकंच काम करतं. तेवढ्याच उजेडऊर्जेत ६६० चे कण ४५० च्या जवळजवळ दीडपट असतात. त्यामुळे विजेचं बिल भरणाऱ्याने लाल निवडणं हेच शहाणपणाचं.

इथे डोळा दगा देतो, आणि या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. माणसाच्या डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी-हिरव्या उजेडाला सर्वाधिक असते. तिला १०० मानलं तर ६३० च्या लाल उजेडाला डोळा साधारण २६ गुण देतो, ६६० च्या गडद लालला जेमतेम ६ आणि ४५० च्या निळ्याला ४ च्या आत. दुकानात ६३० आणि ६६० चे दोन दिवे शेजारी पेटवले तर ६३० चा दिवा चौपट उजळ वाटेल, दोन्हींतून सारखीच ऊर्जा बाहेर पडत असली तरी. गिऱ्हाईक उजळ दिवा उचलतं. खोक्यावरचे ल्युमेनचे आकडेही याच डोळ्याच्या मापाने काढलेले असतात, म्हणून शेवाळाच्या दिव्यासाठी ते वाचण्यात अर्थ नाही. वाचायचा आकडा एकच, नॅनोमीटर. तो खोक्यावर नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल तर तो दिवा घेऊ नये.

६३० आणि ६६० मधली निवड वाटते तेवढी किरकोळ नाही. हरितद्रव्य ‘अ’चं शिखर ६६० च्या जवळ आहे. उलट ज्याला टँकवाले ‘लाल चिकट शेवाळ’ म्हणून कंटाळलेले असतात त्या सायनोबॅक्टेरियांतलं फायकोसायनिन हे रंगद्रव्य ६२० च्या आसपास सर्वाधिक शोषतं. नायट्रेट खाणारं हिरवं शेवाळ हवं असेल तर ६६० ला पसंती द्यावी, हे यातून सरळ निघतं. काही विक्रेते ७३० नॅनोमीटरचे ‘फार रेड’ दिवे जादा पैसे घेऊन खपवतात. रॉबर्ट एमर्सन यांनी दाखवून दिलं होतं, की ६८० च्या पलीकडच्या एकट्या लाल उजेडावर शैवालाचं काम एकदम ढेपाळतं. १९५७ साली त्यांनी हेही दाखवलं, की त्याला आखूड तरंगांची जोड दिली तर दोन्हींचा मिळून परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो. प्रयोग सुंदर आहे. घरच्या जाळीसाठी मात्र ७३० वर खर्च करायची गरज नाही.

मग निळा अजिबात नको? थोडा हवा. शेवाळाची काही रंगद्रव्यं निळ्यावरच चालतात आणि वाढीचे काही संकेतही त्याला निळ्यातून मिळतात. पण निळा प्रखर झाला तर तो प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला लालपेक्षा लवकर इजा करतो, आणि जाळीवर पिवळट, रबरासारखा थर येतो. चार किंवा पाच गडद लाल दिव्यांमागे एक निळा, ४५० च्या आसपासचा, हे प्रमाण बहुतेक टँकना पुरतं. दोन्ही मिळून जो उजेड पडतो तो राणी रंगाचा. बैठकीच्या खोलीत तो सुखाचा नाही, म्हणून पेटीला झाकण करावं. झाकणाचा दुसरा उपयोग असा, की हा उजेड वरच्या टँकमध्ये गळला तर तिथल्या काचेवरही शेवाळ तेवढ्याच आवडीने येतं.

गडद लाल दिवे मिळालेच नाहीत तर काय? पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या चमकणाऱ्या भुकटीचा थर. २७०० ते ३००० केल्व्हिनच्या पिवळसर पांढऱ्या दिव्यात लाल भाग बराच असतो, ६५०० केल्व्हिनच्या ट्यूबलाइटसारख्या पांढऱ्यात निळा जास्त. म्हणून सुरुवात पिवळसर पांढऱ्यावर करायला हरकत नाही. एलईडी महाग होते तेव्हा जगभरचे हौशी लोक २७०० केल्व्हिनच्या सीएफएलवरच उत्तम शेवाळ काढत होते. घरच्या कुंड्यांसाठी मिळणारे ‘ग्रो लाइट’ही चालतात, नॅनोमीटर तपासून घेतले तर.

रंगावर एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी: नुसत्या रंगाने जाळी हिरवी होत नाही. जाळी खडबडीत लागते. लोकरीचं विणकाम करायला जी प्लास्टिकची चौकटीदार जाळी मिळते ती करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी खरवडली की शेवाळाला धरायला जागा होते. पाण्याचा पडदा जाळीच्या पूर्ण रुंदीवर अखंड पडला पाहिजे. अडीच सेंटिमीटर रुंदीमागे ताशी सव्वाशे ते दीडशे लिटर पाणी हा रुळलेला अंदाज आहे. जाळी किती मोठी हवी ते टँकच्या लिटरवर ठरत नाही, माशांना रोज किती खाणं घातलं जातं त्यावर ठरतं. हा मुद्दा फार थोडे लोक ध्यानात घेतात. मोठा टँक, दोन मासे आणि चिमूटभर खाणं असेल तर तळहाताएवढी जाळी पुरते. दिवा जाळीपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर आणि शक्यतो दोन्ही बाजूंनी असावा, कारण एका बाजूचं शेवाळ जाड झालं की मागच्या बाजूला अंधार होतो आणि मुळाशी कुजून सगळा थर गळून पडतो.

नव्या जाळीवर पहिल्याच दिवशी पूर्ण उजेड सोडू नये. तपकिरी थर धरेपर्यंत रोज आठ-नऊ तास पुरेत, हिरवे तंतू दिसू लागले की हळूहळू सोळा-अठरा तासांपर्यंत जावं. शेवाळ स्वतः काय चुकतंय ते सांगतं. काळपट, तेलकट थर म्हणजे पाण्यात खत फार आणि उजेड कमी. पिवळा, चरबट थर म्हणजे उजेड प्रखर किंवा खत अपुरं. हिरवे लांब तंतू म्हणजे बेत जमला. या तासांत सगळी रात्र येऊ दिली तर आणखी एक लाभ होतो: दिवसा वरच्या टँकमधले प्रवाळ कार्बन डायऑक्साइड वापरतात, रात्री तो साचून पाण्याचा सामू उतरतो. खालचा दिवा रात्री चालू राहिला तर शेवाळ तो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामूची चढउतार कमी होते.

सोलापूरला समुद्र शेकडो किलोमीटरवर आहे, त्यामुळे इथल्या टँकचं पाणी आरओचं पाणी आणि समुद्री मीठ मिसळून घरीच तयार करावं लागतं. आरओ टाळून नळाचं पाणी वापरलं तर त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट जाळीच्या माथ्यावर पहिल्या दिवसापासून पडतं. एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो, आणि प्रवाळांना पंचवीस ते सत्तावीस अंशांचं पाणी लागतं. उघड्या जाळीवरून वाहणारं पाणी बाष्पीभवनाने थोडं गार होतं ही चांगली गोष्ट, पण उडालेल्या पाण्याबरोबर मीठ उडत नाही, म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याची घालावी. लाल एलईडीची उष्णता मेटल हॅलाइडच्या तुलनेत नगण्य असते. उन्हाळ्याच्या सोलापुरात हा एकच मुद्दा एलईडी निवडायला पुरेसा आहे. वीज गेली तर दिव्याची काळजी नको, शेवाळ काही तास अंधारात आणि ओलसर राहून जगतं. इन्व्हर्टरवर पंप मात्र जरूर घ्यावा, कारण प्राणवायू माशांना हवा असतो. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे दिव्याच्या ड्रायव्हरवर बसले तर तो गंजतो आणि शॉकही लागू शकतो. ड्रायव्हर पेटीबाहेर, वायर सॉकेटखाली झोळ देऊन आणि जोडणी गळतीचा प्रवाह तोडणाऱ्या आरसीसीबीवर, यात काटकसर करू नये.

प्रवाळांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झालं ते अशाच जीवसृष्टीसाठी. किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणं हा गुन्हा आहे, मग तो घरी कितीही चांगल्या उजेडात ठेवला जाणार असो. परदेशी पाषाणप्रवाळही आंतरराष्ट्रीय व्यापारकराराखाली येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. कागदपत्रं नसतील तर व्यवहार करू नये. शेवाळाची जाळी फक्त माशांच्या खाऱ्या टँकवरही तितकीच चांगली चालते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

दर सात ते दहा दिवसांनी जाळी बाहेर काढावी, बेसिनमध्ये खरवडावी, गोड्या पाण्याखाली धुवावी आणि तळाशी थोडा हिरवा थर राखून परत लावावी. कुजणाऱ्या शेवाळाने पाण्याला पिवळट छटा येऊ लागली तर कार्बनची पिशवी ठेवावी. नायट्रेट आणि फॉस्फेट टेस्ट किटने दर आठवड्याला मोजून वहीत लिहावं. सहा ते आठ आठवड्यांत आकडे उतरले नाहीत तर आधी खाणं, पाण्याचा पडदा आणि जाळीचा आकार तपासावा. हे तिन्ही ठीक असून शेवाळ अडलं असेल तर दिव्याचे तास थोडे बदलून पाहावेत. नवा, महाग, आणखी एका रंगाचा दिवा घेण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही: ६६० चा लाल, चवीपुरता ४५० चा निळा आणि ठरल्या दिवशी खरवडणारा हात, एवढ्यावर ही पेटी वर्षानुवर्षं चालते.